घडीमावशीचा सोमवारचा ताप

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत एक बातमी फिरली, की दुसऱ्या मजल्यावरची घडीमावशी रविवारी घरात बसून पिते. थोडीथोडकी नाही, चांगली झिंगेपर्यंत. म्हणून सोमवारी संध्याकाळी जिना चढताना तिचे पाय लटपटतात आणि मंगळवारी तिला कामावर जाता येत नाही. पुरावाही भक्कम होता. तिच्या कचऱ्याच्या डब्यात तपकिरी काचेच्या बाटल्या निघाल्या होत्या, एक नाही दोन नाही, सात. मला ही बातमी जिन्यात मिळाली आणि, खोटं कशाला बोलू, तिथून गच्चीपर्यंत ती मीच पोचवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात माझा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही.

बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या होत्या. हे मला कळलं ते एका मंगळवारी, विचारपूस करायला म्हणून मी तिच्याकडे गेले तेव्हा. खरं तर वास घ्यायलाच गेले होते. मावशी गुडघे पोटाशी घेऊन दोन पांघरुणांखाली पडली होती. चेहरा तापलेला, ओठ सुकलेले, आणि दर दोन वाक्यांनंतर असा कोरडा खोकला की खाट हलायची.

"ये गं भोंग्या," ती म्हणाली. मला ती याच नावाने हाक मारते. "मी पिते म्हणे?"

"कोण म्हणतं?" मी साळसूदपणे विचारलं.

"तूच म्हणतेस, असं चार जणींनी सांगितलं. आता आलीच आहेस तर पाज. टेबलावर बाटली आहे. दोन चमचे, मोजून."

मी निमूट दोन चमचे पाजले. आणि त्या दिवसापासून मी तिच्या बाजूची झाले. माझी बाजू म्हणजे काय, तर इतके दिवस तिच्याविरुद्ध ओरडत होते, आता तिच्या वतीने ओरडायला लागले. घसा तोच.

आता मावशी कोण ते सांगते. बस डेपोच्या मागे पुस्तकं छापायचा मोठा छापखाना आहे. तिथल्या बांधणीच्या हॉलमध्ये ती बावीस वर्षं कागदाला घड्या घालते. साध्या पानांच्या घड्या मशीन घालतं. पण पुस्तकाच्या पोटात चिकटवायचे मोठे नकाशे, लांबलचक तक्ते, जाड कागदाची चित्रं, हे मशीनच्या तोंडात दिलं की ते चावून टाकतं. ते सगळं मावशीकडे येतं. हातात हाडाची गुळगुळीत पट्टी, कागद दुमडायचा, पट्टी फिरवायची, सर्रर. उजव्या अंगठ्याला घट्टा पडून तो चमच्यासारखा चपटा झालाय. घरीसुद्धा तिचे हात गप्प बसत नाहीत. टॉवेल, पेपर, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, सगळं एका मापात. एकदा बसमध्ये माझं तिकीट हातात घेऊन बोलता बोलता तिने त्याच्या इतक्या घड्या घातल्या की तपासनिसासमोर ते उलगडता उलगडता माझा थांबा निघून गेला.

हे दुखणं लागेपर्यंत बावीस वर्षांत तिने घेतलेल्या रजा हाताच्या बोटांवर मोजाव्या. त्यातली एक मुलाच्या लग्नाची, आणि त्या दिवशीही सकाळी ती दोन तास हॉलमध्ये जाऊन आली होती असा मला दाट संशय आहे. अशी बाई दर आठवड्याला एक दिवस घरी पडते, तर लोकांनी काय विचारायला हवं होतं? "मावशी, होतंय तरी काय?" आणि लोकांनी विचारलं काय? "मावशी, रविवारी करता काय?"

दुखणं मोठं वक्तशीर होतं. सोमवारी सकाळी ठणठणीत. दुपारी चारच्या सुमाराला घसा खवखवायचा. पाचला हुडहुडी. घरी येईपर्यंत अंग मोडून यायचं, मांड्या-पाठ कुणीतरी मुसळाने कुटल्यासारखी ठणकायची, छाती आवळून यायची, ताप चढायचा. मंगळवारी दुपारी घाम सुटून ताप उतरायचा. बुधवारी मावशी पुन्हा कामावर. शनिवारपर्यंत काही नाही. मग रविवार गेला की पुन्हा सोमवार.

इमारतीतल्या प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते पंख्याखाली झोपणं. मावशीच्या मुलाच्या मते डास. तो पावाची गाडी चालवतो, पहाटे निघतो, त्यामुळे डासांशी त्याची जुनी ओळख. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी छापील पुस्तकातून वाचून दाखवलं की असा ताप एकतर फ्लूचा असतो, नाहीतर हिवतापाचा, नाहीतर क्षयाचा, आणि मग पान उलटून आणखी नऊ नावं घेतली. मावशी म्हणाली, "मास्तर, पुस्तक मिटा. त्यातला नकाशा मीच दुमडलाय, मला माहितीये ते कुठवर जातं."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पहिल्यांदा फ्लू म्हटलं. त्यात चूक नव्हती, फ्लू असाच असतो. पण फ्लू काय दर सोमवारी हजेरी लावतो? मग त्याने रक्त काढायला लावलं. हिवताप नाही, डेंगी नाही, विषमज्वर नाही. मग छातीचा फोटो. मग तीन सकाळी थुंकी तपासायला. क्षय नाही. हे सगळं केलं ते बरंच केलं, अंगावर काढून चालत नाही. पण सगळे कागद स्वच्छ आले तेव्हा त्या माणसाने काय करावं? कागद बाजूला सारले, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "मावशी, वय झालं. शिवाय मनाचंही असतं. कामाचा कंटाळा आला की शरीर निमित्त शोधतं."

कंटाळा! जिने ज्वर उतरला न उतरला तोच बुधवारी सकाळी आठला पट्टी हातात धरली, तिला कंटाळा! मला तिथेच बोलायचं होतं, पण मावशीने माझा हात दाबला, त्या चपट्या अंगठ्याने. अजून दुखतो.

डॉक्टरचं बोलणं एक वेळ सोडा. छापखान्यात एक सुपरवायझर आहे, हजेरी घेतो म्हणून सगळ्या त्याला हजेरीसाहेब म्हणतात. त्याने मावशीच्या हातात चिठ्ठी ठेवली. गेल्या तीन महिन्यांत अकरा मंगळवार गैरहजर. दोन आठवड्यांत आजाराचं कारण लेखी आणावं, अन्यथा कामाला अपात्र समजून नाव कमी करण्यात येईल. वर तोंडी भर घातली, "मावशी, सोमवारचा आजार मीही ओळखतो. आमच्या शाळेतल्या पोरांना व्हायचा."

बावीस वर्षं! आणि नाव कमी करण्यात येईल, जसं काही धुणं वाळलं म्हणून दोरीवरून काढायचं.

त्या संध्याकाळी मावशी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. तिने माझं किराणा आणलेल्या पुड्याचं वर्तमानपत्र घेतलं, त्याची पट्टी केली, पट्टीची पुन्हा पट्टी केली आणि म्हणाली, "भोंग्या, घरी बसवलं तर मी वेडी होईन गं. मला दुसरं येतं काय?"

"आपल्याला कारण सापडेल," मी म्हटलं. "मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच तर सात बाटल्यांची बातमी झाली."

मी चहा टाकला. चहाला आधण येईपर्यंत तिने त्या पट्टीच्या आणखी दोन घड्या घातल्या. मग म्हणाली, "एक गंमत सांगू? तो सोमवारचा आजार नाहीच."

"म्हणजे?"

"दोन महिन्यांपूर्वी वीजवाल्यांनी तारा बदलल्या तेव्हा छापखाना रविवारपासून बुधवारपर्यंत बंद होता. आठवतं? त्या सोमवारी मला काही झालं नाही. ताप आला गुरुवारी. आणि असा आला, तसा कधी आला नव्हता. मग बहिणीकडे आठ दिवस गेले होते, तिच्या मुलीला बघायला. त्या आठ दिवसांत एक सोमवार होता. तोही कोरडा गेला. घरी आले, मंगळवारी कामावर गेले, त्याच संध्याकाळी हुडहुडी."

मी गाळणं तसंच हातात धरून उभी. ज्या गोष्टीसाठी डॉक्टरने फोटो काढले, रक्त काढलं, ती गोष्ट ही बाई उकळत्या चहासमोर सांगत होती. सुट्टीनंतर छापखाना जेव्हा उघडतो, त्या दिवशी ताप येतो. वार कुठलाही असो.

"हे डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलं कुठे? तो विचारतो, जेवण कसं आहे, झोप कशी आहे. मी सांगते, बरी आहे. संपलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. लाकडी बाकावर साडेतीन तास बसलो. आत डॉक्टरीणबाई होत्या, मावशीच्या मुलाच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळं, पण कान शाबूत. त्यांनी जुने कागद चाळले, छातीला नळी लावली आणि मग पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही काम काय करता?"

तीन महिन्यांत हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नव्हता. माझ्यासकट. मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मावशीने सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, "बसता कुठे? तुमच्या जवळ काय आहे? असं काहीतरी, जे सुट्टीत बंद असतं आणि सुट्टीनंतर चालू होतं?"

"माझ्या जवळ? माझ्या जवळ धुकं आहे," मावशी म्हणाली.

आता हे धुकं काय ते सांगायला हवं. कोरड्या हवेत कागद वाकडा होतो, एकमेकाला चिकटतो, कडा तडकतात. म्हणून छापखान्यात पाण्याचा बारीक फवारा हवेत सोडणारं एक यंत्र भिंतीवर बसवतात. खाली टाकी, वर तोंड, त्यातून पांढरं धुकं निघत राहतं. तिथले लोक त्या यंत्रालाच धुकं म्हणतात. तो हॉल म्हणजे नुसती भट्टी. पत्र्याचं छत, एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यांनी अडवलेल्या खिडक्या. त्यामुळे धुक्याच्या तोंडाखालचं टेबल म्हणजे सगळ्यात गार जागा, मानाची जागा. ती ज्येष्ठतेने मिळते. नऊ वर्षं तिथे एक म्हातारे बाइंडर बसत. तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाल्यावर ते टेबल घडीमावशीला मिळालं. त्या दिवशी ती आमच्याकडे पेढ्यासारखा चेहरा करून आली होती. "बावीस वर्षांनी थंडावा मिळाला गं!" आणि मी म्हटलं होतं, "आता स्वेटर विणायला घ्या."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याआधी बसणारे आजोबा कसे आहेत?"

"ते? त्यांना तर वर्षानुवर्षं खोकला. सगळे म्हणायचे, सिगारेटचा."

"ओढायचे?"

मावशीने मान हलवली. "नाही. त्यांच्या घराखाली सिगारेटचं दुकान होतं."

तेवढं पुरलं होतं लोकांना! दुकान खाली आणि दोष वरच्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. हे ऐकून मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी इतका राग आला की दवाखान्यातल्या बाकाची फळी उपटावीशी वाटली. नऊ वर्षं एक म्हातारा खोकत होता आणि सगळे नाक मुरडत होते.

बाई सावधपणे म्हणाल्या, "मी आत्ताच शंभर टक्के सांगत नाही. पण टाकीतलं पाणी शिळं असेल तर त्यात जंतू, बुरशी वाढते. ते धुक्याबरोबर छातीत जातं. काही जणांना मग काही तासांनी असाच ताप, खोकला, अंगदुखी येते. रोज तिथे बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीराला सवय होते. सुट्टीत ती सवय मोडते आणि पहिल्या दिवशी पुन्हा तेच. फोटो आणि रक्त बहुतेक वेळा चांगलंच दिसतं. आपण एक करू. दोन आठवडे तुम्ही त्या जागेवर बसायचं नाही. आणि ते यंत्र कुणालातरी उघडायला सांगा. मी तसं लिहून देते. त्रास वाढला, दम लागला, तर मात्र वाट न बघता या."

कागद घेऊन मावशी हजेरीसाहेबाकडे गेली. त्याने कागद वाचला, उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं आणि म्हणाला, "जागा बदलून हवी? मावशी, त्या टेबलासाठी तुम्हीच भांडला होतात. आता तेच टेबल वाईट? मग मिळेल का तुमच्या मनासारखं काही? आणि यंत्र उघडायचं तर काम थांबेल. कागद वाळेल."

कागद वाळेल! बघा तुम्हीच. त्या हॉलमध्ये कागदासाठी हवेतला ओलावा मोजणारं घड्याळ आहे, भिंतीवर, काचेच्या पेटीत. काटा खाली आला की तीन माणसं धावतात. आणि माणसाच्या अंगातला काटा दर आठवड्याला वर चढतोय, त्यासाठी चिठ्ठी, "नाव कमी करण्यात येईल".

मावशीने वाद घातला नाही. सोमवारी सकाळी तिने आपली पट्टी आणि नकाशांचा गठ्ठा उचलला आणि शेजारच्या बांधाबांधीच्या खोलीत, खोक्यांमध्ये, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून काम केलं. तिथे इतकं उकडतं की कपाळाचा घाम नकाशातल्या समुद्रात पडायचा. हजेरीसाहेब दोनदा येऊन बोलला, जागेवर जा. ती म्हणाली, "काम मोजा साहेब, जागा नका मोजू." संध्याकाळी मी जिन्यात उभी होते, थर्मामीटर घेऊन. आमची अर्धी इमारत उभी होती. मावशी चढून आली, घामेजलेली, रागावलेली, आणि अंग गार.

"हाताने बघा हवं तर," ती म्हणाली. "पण एकेकाने. रांग लावा."

मंगळवारी ती कामावर गेली. सोमवारी काम करून मंगळवारीही गेली, असं तीन महिन्यांत पहिल्यांदाच. पुढच्या सोमवारीही तेच, ताप नाही. त्या दोन आठवड्यांत मानाचं टेबल रिकामं राहिलं नाही, ते हजेरीसाहेबाने ज्येष्ठतेने पुढच्या शिलाईवालीला दिलं. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. ती मंगळवारी आली नाही. हे मात्र हजेरीसाहेबाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मंगळवारीच चिठ्ठीची मुदत संपत होती. मावशी दुपारी त्याच्या कार्यालयात जायची होती आणि मी तिची धाकटी बहीण होऊन सोबत गेले. खोटं नातं सांगायला मला वेळ लागत नाही. तिची नोकरी राहिली, हे आधीच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. पण ती कशी राहिली ते ऐका.

आत शिरताना आम्ही हॉलमधूनच गेलो. मावशी धुक्यासमोर थांबली. सगळ्यांदेखत तिने दोन खिट्ट्या फिरवल्या आणि टाकीचं झाकण उचललं. मी नाक धरलं. आत पाणी नव्हतंच म्हणायला हवं. कडेला हिरवट बुळबुळीत थर, तळाशी तपकिरी गाळ, वर शेवाळाची साय. चिमटीत धरून ओढली तर हातभर लांब निघाली. आणि टाकीच्या पोटावर एक पाटी चिकटवलेली, हजेरीसाहेबाच्या वळणदार अक्षरात: "टाकी कधीही रिकामी ठेवू नये."

कधीकाळी टाकी रिकामी राहून मोटर जळली होती, म्हणून त्याने ती पाटी लावली. आणि आमची साधी माणसं! पाटी म्हणते रिकामी ठेवू नये, तर ठेवली नाही. रोज सकाळी वरून बादलीभर ओतलं. दहा वर्षं. खालचं कुणी कधी काढलंच नाही, कारण काढायचं म्हणजे रिकामी करायची, आणि रिकामी करायची म्हणजे साहेबांची आज्ञा मोडायची. वास यायला लागला तेव्हा साहेबाने भिंतीवर सुगंधी वडी टांगली. फुलांच्या वासाची.

शिलाईवालीची शेजारीण पुढे आली आणि म्हणाली, "मलापण सोमवारी घसा धरतो. मी कुणाला बोलले नाही. मावशीचं काय झालं ते बघून." मग आणखी एक बोलली. मग जिच्या तोंडातून वर्षभरात शब्द निघाला नव्हता ती गठ्ठे मोजणारी बोलली, "आजोबापण हेच सांगायचे. आपण हसायचो." 

हजेरीसाहेब दारात उभा होता. त्याचं तोंड त्या टाकीच्या तळासारखं झालं. यंत्र बंद करा, एवढं तो म्हणाला आणि आम्हाला आत घेऊन दार लावलं. एकदम गोड. खुर्ची दिली. मलाही दिली, "या ताई" म्हणून.

"मावशी, तुमचं नाव कमी होण्याचा प्रश्नच नाही. अकरा मंगळवार मी आजारपणाच्या रजेत घेतो. टाकी आजच धुऊन घेतो, दर शनिवारी रिकामी करून वाळवायची, तशी नवी पाटी लावतो. शिलाईवालीलाही रजा. झालं? आता फक्त हा फॉर्म. वर मालकांकडे जाईल, म्हणून जरा जपून लिहू. डॉक्टरांचा कागद जोडायची काही गरज नाही."

त्याने फॉर्म पुढे सरकवला. एका रकान्यात लिहिलं होतं: आजाराचे कारण. त्याने स्वतःचं पेन उघडून तिच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "लिहा, हवामानातील बदल."

मावशीने पेनचं टोपण लावलं, पेन त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि पर्समधून डॉक्टरीणबाईंचा कागद काढून फॉर्मवर ठेवला.

"हवामान नव्हतं बदललं, साहेब. पाणी नव्हतं बदललं."